गुऱ्हाळाचे ४,११२ फोटो: नावं बदलण्याच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

वडणगे, केर्ली, शिये आणि सांगरूळ या कोल्हापूरजवळच्या चार गावांतल्या गुऱ्हाळांचे फोटो आज एकदाचे एका डिस्कवर आले. मोजणी अशी: माझ्या कॅमेऱ्यातले २,१८६, धाकट्या भावाच्या फोनमधले १,३४०, आतेभावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले ४१२ आणि मामांच्या ट्रंकेतल्या जुन्या फोटोंचे स्कॅन १७४. एकूण ४,११२.

मामांची उभी हयात शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर गेली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ती पेठ गुळावरच उभी राहिली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात मामांच्या घरात पाणी आलं, ट्रंक बुडाली आणि फोटो एकमेकांना चिकटले. जे सुटे करता आले ते हे १७४.

नावांवरून मात्र काहीच कळत नाही. डीएससी_०४१२, आयएमजी-२०२५०११८-डब्ल्यूए०००७, स्कॅन (१२). गुळव्या (गूळ शिजवणारा) पाकाची गोळी पाहतोय तो फोटो हवा असेल, तर चार हजार फोटो नजरेखालून घालायचे. म्हणून नावातच तारीख, वेळ, गाव आणि टप्पा घालायचं ठरलं. टप्पे आठ धरले: ऊस, चरक, रस, मळी, आटणी, गोळी, वाफा, रवा.

तारीख सगळ्यात आधी, आणि तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. संगणक नावं अक्षराअक्षराने लावतो. दिवस आधी लिहिला तर १८ जानेवारीच्या शेजारी १८ फेब्रुवारी येऊन बसतो. तास आणि मिनिटांमध्ये दोन टिंबं घालायची नाहीत. माझ्या संगणकावरच्या लिनक्सला ती चालतात, पेनड्राइव्हवरच्या एक्सफॅट या रचनेला चालत नाहीत, आणि हे सगळं शेवटी गुऱ्हाळवाल्यांना पेनड्राइव्हवरच द्यायचंय.

गाव आणि टप्पा देवनागरीत. धाकट्याला रोमन बरं वाटत होतं, पण ज्यांचं हे काम आहे त्यांना नाव वाचता आलंच पाहिजे. जागेचा हिशेब केला: लिनक्सच्या एक्स्ट४ या रचनेवर नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून ८५ चिन्हं. आपल्याला पुरून उरतात.

ही वही मामाही वाचतात, म्हणून कमांड इथे देवनागरीत लिहितेय. टाइप करताना त्या अर्थातच रोमनमध्ये.

४ फेब्रुवारी

सुरुवात सोप्या कामाने केली: काही फायलींच्या शेवटी जेपीईजी आहे, काहींच्या जेपीजी. सगळं जेपीजी करायचं. आतेभाऊ विंडोजवर काम करतो. तो म्हणाला, "रेन, मग तारा-टिंब-जेपीईजी, मग तारा-टिंब-जेपीजी, एका ओळीत काम होतंय." त्याच्याकडे होतंच, कारण विंडोजची रेन ही नाव बदलणारी कमांड तारा (*, म्हणजे कुठलंही नाव) स्वतः वाचते आणि दुसऱ्या ताऱ्याच्या जागी मूळ नाव भरते.

लिनक्सवर तसं नाही. इथे फाइल हलवायची किंवा तिचं नाव बदलायचं ते एमव्ही या कमांडने, आणि तारा एमव्हीपर्यंत पोचतच नाही. त्याआधी शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड आधी वाचणारा प्रोग्राम, त्या ताऱ्याच्या जागी जुळणारी सगळी नावं ओळीने मांडतं आणि एमव्हीच्या हाती ती यादी देतं. एमव्ही शेवटचं नाव म्हणजे मुक्काम समजते. तो फोल्डर नसेल तर तक्रार करून थांबते. पण ताऱ्याला जुळणाऱ्या नेमक्या दोनच फायली असल्या आणि पुढे मुक्काम लिहायचा राहिला, तर पहिली फाइल दुसरीवर जाऊन बसते आणि दुसरी जाते. धाकट्याला हे दोन रिकाम्या फायली करून दाखवलं. पाहिल्यावर तो जरा वेळ गप्प बसला.

त्यामुळे फेरा लावला: प्रत्येक जेपीईजी फाइल घे, शेपूट काप, जेपीजी जोड. कापण्याचं काम बॅश हे आमचं शेलच करतं: चलाचं (ज्यात फाइलचं नाव धरलंय त्याचं) नाव, पुढे टक्क्याचं चिन्ह आणि कापायचा तुकडा, सगळं महिरपी कंसात. नावाभोवती दुहेरी अवतरण सक्तीचं, कारण "स्कॅन (१२)" मध्ये जागाही आहे आणि कंसही. आधी एमव्हीच्या अलीकडे एको लिहून कमांड नुसती छापून पाहिली, मग एको काढला.

रात्री, ९ वाजून गेल्यावर

चूक झाली. कॅमेऱ्याच्या दोन कार्डांचे दोन फोल्डर होते. ते एका फोल्डरमध्ये आणायला एमव्ही दोनदा चालवली, आधी पहिल्या कार्डासाठी, मग दुसऱ्यासाठी. कॅमेऱ्यात क्रमांक पुढे चालू ठेवण्याची सेटिंग बंद होती, त्यामुळे दुसऱ्या कार्डाने पुन्हा ०००१ पासून सुरुवात केली होती. दुसऱ्या कार्डावर ३७ फोटो होते. ते पहिल्या कार्डाच्या ०००१ ते ००३७ वर बसले. एमव्हीने काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. शेवटी मोजलं तेव्हा २,१८६ ऐवजी २,१४९ भरले, म्हणून कळलं.

दोन्ही फोल्डर एकाच कमांडमध्ये दिले असते, तर एमव्हीने नकार दिला असता. नुकतंच आणून ठेवलेलं त्याच फेरीत ती पुसत नाही. दोन कमांडींमध्ये मात्र तिला आधीचं काही आठवत नाही.

गेलेले ३७ म्हणजे १८ जानेवारीच्या पहाटेचे, वडणग्याचे, अगदी पहिले. दुसरी प्रत नव्हती. कार्ड धाकट्याने कालच फॉरमॅट केलं होतं.

५ फेब्रुवारी

सकाळीच ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून घेतलं. त्यावर आता काहीही लिहायचं नाही. फॉरमॅट केल्यावर जाते ती यादी. फोटो त्याच जागी पडून असतात, वर नवं काही येईपर्यंत. फोटोरेक हे साधन कार्डावरची यादी बघतच नाही, थेट जेपीजीची सुरुवात शोधत जातं. कार्ड आधी जसंच्या तसं डिस्कवर उतरवून घेतलं आणि फोटोरेक त्या उतरवलेल्या प्रतीवर चालवलं.

दोन तासांनी फोटो निघाले. सगळ्यांची नावं एफ आणि पुढे सात आकडे, कारण मूळ नावं यादीत होती आणि यादी गेली होती. पण कॅमेऱ्यातल्या प्रत्येक फोटोच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते, तिच्यात काढल्याची वेळ असते. एक्झिफटूलने त्या वेळा काढल्या, सगळ्यात आधीच्या तासाभराचे वेगळे केले. ३७ पैकी ३१ मिळाले.

सहा नाहीत. फॉरमॅटनंतर धाकट्याने अंगणात सहा फोटो काढले होते, सहज. मोकळं कार्ड सुरुवातीपासून भरत जातं, आणि सुरुवातीला होते आपले पहिले सहा. चुलवाण पेटवतानाचे. अंधार, चिपाडाचा पहिला जाळ, आणि काहिलीच्या कडेला उभ्या माणसांचे फक्त पाय उजेडात. मला ते फोटो आठवतात, म्हणून जास्त लागतंय.

धाकटा दिवसभर बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, "अक्का, हंगाम अजून हाय. जाऊया की परत." जायचं ठरलं. पण नव्या फोटोंना नवीच तारीख राहील. जुन्या सहांची जागा त्यांना द्यायची नाही.

आजपासून ठरलेलं: डिस्कची एक प्रत मामांच्या कपाटात, तिला हात लावायचा नाही. एमव्ही नेहमी -एन लावून, म्हणजे आधीपासून असलेल्या फाइलीवर ती जाणार नाही. -एनमुळे मागे राहिलेल्या फाइलीबद्दल मात्र ती ओरडेलच असं नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी मोजणी, नंतर मोजणी.

७ फेब्रुवारी

पहाटे वडणग्याला जाऊन आलो. नऊ फोटो.

८ फेब्रुवारी

वेळेवरून नावं द्यायला घेतलं आणि चुलवाणाचे उरलेले फोटो १७ जानेवारीच्या रात्री जाऊन पडले. कॅमेरा म्हणतो १७ तारीख, रात्री १० वाजून ३२ मिनिटं. त्याच जाळाचा धाकट्याच्या फोनमधला फोटो म्हणतो १८ तारीख, पहाटे ४ वाजून २ मिनिटं. फरक साडेपाच तासांचा, बरोबर. कॅमेऱ्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर राहिलं होतं. दिवसाच्या फोटोंत हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. गुऱ्हाळाचं काम पहाटे सुरू होतं म्हणून तारीखच बदलली आणि सापडलं.

दुरुस्ती एका ओळीची आहे. एक्झिफटूलला ऑल-डेट्स या सगळ्या वेळांमध्ये ५:३० मिळवायला सांगायचं, फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरवर. तो प्रत्येक फोटोची मूळ प्रत बाजूला ठेवतो, नावाच्या शेवटी "ओरिजिनल" जोडून. त्यामुळे मोजणी अचानक दुप्पट दिसली तर घाबरायचं नाही. तपासून झाल्यावर त्या प्रती काढल्या.

मग एक्झिफटूलनेच वेळेवरून नाव. फाइलनेमऐवजी आधी टेस्टनेम लिहिलं, की तो जुनं नाव आणि होणारं नाव नुसतं छापतो. एकाच सेकंदात दोन फोटो निघाले असतील तर पुढे आपोआप क्रमांक लावण्याची सोयही त्यातच आहे. मळीचे फोटो धाकट्याने धडाधड काढले होते, तिथे ती लागली.

व्हॉट्सॲपचे ४१२ यात बसत नाहीत. पाठवताना फोटो आवळला जातो आणि पोटातली नोंद जाते. नावातली तारीख पाठवल्या दिवसाची, काढल्या दिवसाची नव्हे. आतेभावाला फोन केला: फोटो म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे मूळ फाइल येते. ३९० त्याच्या फोनवर अजून होते, ते परत आले. उरलेल्या २२ ना वेळेच्या जागी "वेळनाही" असं लिहिलं. अंदाजाने वेळ घालायची नाही.

९ फेब्रुवारी

माझ्याकडे उबुंटू, धाकट्याच्या लॅपटॉपवर फेडोरा, दोन्ही लिनक्सचेच प्रकार. मी रीनेम या, एकदम अनेक नावं बदलणाऱ्या कमांडीची ओळ लिहून त्याला पाठवली. त्याचा निरोप: "काय बी झालं न्हाई." बरोबर आहे. रीनेम नावाच्या दोन वेगळ्या कमांडी आहेत. डेबियन, उबुंटूवर पॅकेज टाकल्यावर मिळते ती पर्ल या भाषेतली: तिला एस, तिरकी रेघ, काय शोधायचं, तिरकी रेघ, काय ठेवायचं, असं सूत्र द्यायचं. फेडोरावरची युटिल-लिनक्स या संचातली: तिला जुना तुकडा, नवा तुकडा आणि मग फायली, एवढंच कळतं. तिने माझं अख्खं सूत्रच जुना तुकडा समजून शोधलं, पहिल्या फाइलीचं नाव नवा तुकडा समजलं. असं सूत्र कुठल्याच नावात नव्हतं म्हणून काही बिघडलं नाही. दोघींनाही -एन लावून (इथे त्याचा अर्थ एमव्हीहून वेगळा: नुसतं दाखव, बदलू नको) तालीम करता येते, ते दोघांनी पाठ केलं.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस एका शब्दावर गेला.

मामा, धाकटा आणि पुण्याची मावसबहीण, तिघांनी आपापल्या वाट्याचे फोटो बघून प्रत्येकापुढे गाव आणि टप्पा लिहिला. इमारतीच्या, सबंध आवाराच्या फोटोंना टप्पा नाही, त्यांना नुसतं "गुऱ्हाळ" लिहायचं ठरलं होतं. तिन्ही याद्या एकत्र केल्या, गुऱ्हाळचे किती म्हणून मोजायला लावलं, तर संगणकाने तीन वेगवेगळे गट दिले. तिन्हींचं नाव डोळ्याला एकच: गुऱ्हाळ.

प्रत्येकाचे बाइट मोजले. पहिल्याचे २१, दुसऱ्याचे २४, तिसऱ्याचेही २४. मग एकेक चिन्ह सुटं करून पाहिलं.

पहिल्यात ग, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ळ. सात चिन्हं. हा धाकट्याचा, तो इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप करतो आणि तिथे ऱ ला स्वतःची कळ आहे. दुसऱ्यात ऱ फुटून साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं झालेली. ही मावसबहिणीची यादी. तिने टप्प्यांच्या नावाचे फोल्डर तिच्या जुन्या मॅकवर केले होते, आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस ही रचना नाव ठेवतानाच अशी जोडचिन्हं फोडून ठेवते. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं चिन्ह, शून्य रुंदीचं, जे सांगतं की इथे रफार वर चढवू नको, अर्धा र पुढे ओढ. हे मामांच्या फोनवरून आलेलं.

तिन्ही लिहिणाऱ्यांचं मराठी शुद्ध आहे. पडद्यावर तिन्ही सारखीच उमटतात. पण "गुऱ्हाळ" शोधणाऱ्याला एक तृतीयांश फोटोच सापडले असते आणि बाकीचे आहेत याचा पत्ताही लागला नसता. हाच ऱ्ह कुऱ्हाडीत आहे, ऱ्य सुऱ्या, दऱ्या, पायऱ्यांत आहे. मराठीत नावं देणाऱ्या कुणालाही हे गाठणार.

फुटलेला ऱ जोडायला कन्व्हएमव्ही वापरली, यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) वरून यूटीएफ-८ वरच, सोबत --एनएफसी, म्हणजे फुटलेली चिन्हं जोड. ही कमांड मला फार आवडली: ती मुळातच काही बदलत नाही, काय बदलेल एवढंच दाखवते. खरंच बदलायचं तर --नोटेस्ट वेगळं लिहावं लागतं. मामांच्या यादीतलं न दिसणारं चिन्ह मात्र याने जात नाही. युनिकोडच्या हिशेबी ते वेगळंच लेखन आहे. त्यासाठी रीनेमला सूत्र दिलं: र, हलन्त आणि ते चिन्ह ही तिकडी दिसेल तिथे ऱ आणि हलन्त ठेव. मग पुन्हा मोजलं. एकच गट. सगळे २१ बाइट.

१३ फेब्रुवारी

स्कॅनचं काम. मामांच्या लक्षात आलं की ट्रंकेतला सगळ्यात जुना फोटो शेवटी स्कॅन झालाय, तो पहिला हवा. म्हणजे १७४ वा होणार ००१ आणि बाकी सगळे एकेकाने पुढे. ००१ चं ००२ करायला गेलं तर ००२ आधीच तिथे बसलेला. चार तारखेनंतर हे न सांगता दिसलं. उलट्या क्रमाने गेलं तरी चालतं, पण मी नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये न्यायचं ठरवलं.

तालमीत फेरा ००७ पर्यंत नीट चालला आणि ००८ ला अडला. बॅशचं म्हणणं असं की हा आकडा या पायात बसत नाही. आकडा शून्याने सुरू झाला की बॅश त्याला अष्टमान समजतं, आणि अष्टमानात ८ आणि ९ हे अंक नाहीत. अडलं हे चांगलं झालं. यादीत ०१० आधी आला असता तर तो गुपचूप ८ म्हणून मोजला गेला असता. आकड्याच्या आधी १० आणि हॅश लिहिलं की तो दशमानच धरतो. मग नव्या आकड्याला प्रिंटएफने पुन्हा तीन अंकी केलं.

१५ फेब्रुवारी

शेवटची फेरी. सगळी नावं थेट न बदलता एक यादी केली, दोन रकान्यांची: डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं, मध्ये टॅब. उजवा रकाना लावून त्यात दोनदा आलेलं नाव शोधलं, सॉर्ट आणि मग युनिक -डी. चार निघाली, सगळी "वेळनाही"ची. त्यांना क्रमांक दिले.

मग प्रत्येक फोटोचा शा-२५६ ठसा काढून ठेवला. हा ठसा आतल्या मजकुराचा असतो, नावाशी त्याचा संबंध नाही. म्हणून नाव बदलण्याआधीचे ठसे आणि नंतरचे ठसे क्रमाने लावून तंतोतंत जुळले, तर एकही फोटो गेला नाही. घड्याळाची दुरुस्ती आधीच करून घेतली होती हे बरं झालं. ती आतला मजकूर बदलते, ठसेही बदलले असते.

यादी ओळीओळीने वाचणारा फेरा, आत एमव्ही -एन, मग नुसत्या दोन आडव्या रेघा (रेघेने सुरू होणारं नाव कमांडने पर्याय समजू नये म्हणून), मग जुनं नाव, नवं नाव. मिनिटभरही लागला नाही. मोजणी ४,११५: पहिले ४,११२, त्यातून सहा वजा, नऊ जमा. ठसे जुळले.

यादी फोटोंच्या शेजारीच ठेवली. रकाने उलटे वाचले की सगळं पूर्ववत होतं. वेगळ्या फोल्डरवर करूनही पाहिलं.

१८ फेब्रुवारी

वडणग्याला पेनड्राइव्ह घेऊन गेलो. काहील उतरायला वेळ होता. गुळवेकाकांनी पळीभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली, काहिलीच्या काठावर टाकली आणि आवाज ऐकला. "अजून दोन मिनटं." मग हात पुसून लॅपटॉपशी येऊन बसले.

गोळीचे सगळे फोटो एका शोधात समोर आले, चारही गावांचे. काका एकेक नाव मोठ्याने वाचत होते, तारीख, गाव, गोळी. एका ठिकाणी थांबले. "हे केर्लीचं न्हवं. ही काहील शियेची. कडंला ठोकलंय बघा, पत्रा लावून." मोठं करून पाहिलं. पत्रा होता. त्या दिवशी आम्ही दोन्ही गावांना गेलो होतो आणि दुपारनंतरचे अकरा फोटो चुकीच्या गावावर पडले होते.

यादीची नवी प्रत केली: डावीकडे आताची नावं, उजवीकडे केर्लीच्या जागी शिये, फक्त त्या अकरा ओळी. तालीम छापून काकांना वाचायला दिली. त्यांनी बोट ठेवत अकराही वाचल्या आणि मान हलवली. फेरा चालवला, मोजलं, ४,११५. तेवढ्यात आतून हाक आली आणि काका काहील उतरवायला गेले.